गाडीच्या स्क्रीनवरून फोन सारखा तुटतोय? आधी वाट ओळखा

इंदूरच्या राजेंद्रनगरहून निघालं की राजीव गांधी चौकापर्यंत नकाशा व्यवस्थित चालतो, भंवरकुआला गाणं अडखळतं आणि नवलख्याला स्क्रीनवरून फोनच गायब होतो. केबल काढून पुन्हा लावली की चालू. दोन दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये सिस्टीम रीसेट करून देतात, आठवडाभर बरं चालतं आणि मग पुन्हा तेच दुखणं.

रीसेटनंतर थोडे दिवस बरं वाटतं, त्याला कारण आहे. फोन आणि गाडी यांच्यातली सगळी जोडणी नव्याने होते, त्यामुळे सैल पडलेली कडीही काही काळ धरून राहते. पण सैल कडी नेमकी कुठली, हे कोणी पाहिलेलंच नसतं. बहुतेकदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. खराब असते केबल आणि बदलायला निघतात अख्खी सिस्टीम. संपलेला असतो दिवसाचा डेटा आणि पेअरिंग मात्र चारदा होतं.

‘गाडीचं नेट’ असं आपण एका दमात म्हणतो, पण फोन आणि गाडी यांच्यात चार वेगळ्या वाटा आहेत. पहिली यूएसबी केबल. दुसरी ब्लूटूथ, ज्यावरून कॉल, फोनबुक आणि साधी गाणी जातात. तिसरी वाय-फाय, जिच्यावर वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि वायरलेस कारप्ले चालतात (फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या या सोयी, पहिली गूगलची, दुसरी ॲपलची). चौथी वाट फोनची नाहीच. ती गाडीत कंपनीने बसवलेल्या ई-सिमची, आणि तिच्यावर कंपनीचं ॲप, आपत्कालीन कॉल, दुरून एसी सुरू करणं असल्या सोयी अवलंबून असतात. एक वाट बंद पडली म्हणून बाकीच्या पडत नाहीत. कॉल नीट लागतोय पण नकाशा येत नाही, म्हणजे ब्लूटूथ ठीक आहे आणि तिथे हात लावायची गरज नाही.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालू असताना इंटरनेट पूर्णपणे फोनचं असतं, हेही पक्कं डोक्यात असू द्या. चित्र फोन तयार करतो. गाडी ते दाखवते आणि तुमचं बोट पडद्यावर कुठे टेकलं, ते फोनला कळवते. त्यामुळे पडद्यावर नकाशा आहे पण रस्ता सापडत नाही, गाणं फिरत बसलंय, अशा वेळी जोडणी शाबूत आहे आणि दुखणं फोनच्या डेटाचं आहे. पडदाच काळा झाला किंवा गाडीचा मूळ मेनू परत आला, तर तुटली ती जोडणी. या दोन तक्रारींची औषधं वेगळी.

गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून आधी एवढं करा. फोन गाडीपासून पूर्ण सोडवा, फोनचं वाय-फाय बंद करा आणि फोनवरच नकाशा उघडून एखादा नवा पत्ता शोधा. तिथेच अडलं तर गाडीचा दोष नाही. फोनवर चाललं, तर दुसरा फोन त्याच केबलने लावा. मग तुमचा फोन दुसऱ्या केबलने लावा. जमलं तर तुमचा फोन आणि तुमचीच केबल दुसऱ्या कोणाच्या गाडीत लावून बघा. या तीन अदलाबदलींत दोष फोनकडे, केबलकडे की गाडीकडे, हे बहुतेक वेळा उघड होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल बदलली, ॲप अपडेट केलं आणि पेअरिंगही काढलं, तर बरं कशाने झालं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

केबल: सगळ्यात जास्त दोष इथेच

चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली, ही समजूत सर्वांत महागात पडते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, किंवा इतक्या बारीक असतात की प्लगपाशी तुटतात आणि चार्जिंग मात्र सुरू राहतं. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये वेणी घातलेल्या, दिसायला दणकट केबलांचे ढीग मिळतात, पण वरच्या वेणीवरून आत काय आहे ते कळत नाही. घेताना दुकानातच लॅपटॉप किंवा संगणकाला लावून बघा. ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्यावर फोनमधले फोटो दिसले, तर डेटाच्या तारा आहेत.

लांबीही महत्त्वाची आहे. अँड्रॉइड ऑटोसाठी गूगलचा सल्ला एक मीटरपेक्षा लहान, चांगल्या प्रतीची केबल वापरा आणि मधे हब किंवा एक्स्टेन्शन जोडू नका, असा आहे. त्यामागचं गणित सोपं आहे. २८ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. दोन मीटरच्या केबलमध्ये वीज दोन मीटर जाते आणि दोन मीटर परत येते, म्हणजे एकूण रोध ०.८५ ओहमच्या आसपास. फोनने १ अँपिअर ओढला की ५ व्होल्टमधले जवळपास ०.८५ व्होल्ट वाटेतच जिरतात. फोन चार्जिंग दाखवत राहतो, पण नकाशा, जीपीएस आणि पडदा एकदम चालू झाल्यावर व्होल्टेज आणखी घसरतं आणि जोडणी तुटते. पहिली पाच मिनिटं छान, नंतर तुटतं, अशा तक्रारीत लांब आणि बारीक केबलवर पहिला संशय घ्यावा. मागच्या सीटवरून पुढे ओढलेली केबल तर मुळीच नको.

केबलची परीक्षा अशी करा. अँड्रॉइड ऑटो चालू असताना फोनकडचा प्लग दोन बोटांत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवा, मग गाडीकडचा. ज्या टोकाला हलवल्यावर पडदा जातो, ते टोक किंवा तिथलं पोर्ट दोषी. दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल असेल तर उलटसुलट करून लावा. दोष केबलबरोबर फिरला तर केबल टाकून द्या. दोष जागीच राहिला तर पोर्ट बघा.

फोनच्या पोर्टात खिशातला कापूस आणि धूळ दाबून दाबून बसते. इंदूरच्या उन्हाळ्यात रस्त्याकाठी धूळ किती असते, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. प्लग पूर्ण आत जात नाही, थोडा बाहेर राहतो, किंवा बसताना ‘टक’ असं जाणवत नाही, ही खूण. फोन बंद करा, विजेरीच्या उजेडात बघा आणि लाकडी टूथपिकने कडेकडेने, अगदी हलक्या हाताने कचरा बाहेर ओढा. सुई, सेफ्टी पिन, यू-पिन वापरू नका. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावरचे संपर्क धातूच्या टोकाने खरवडले की पोर्टच बदलावं लागतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

गाडीच्या बाजूला एक साधी चूक वारंवार दिसते. पुढे दोन पोर्ट असतात आणि केबल चार्जिंगच्या पोर्टात असते. डेटाच्या पोर्टावर बहुधा फोनचं किंवा त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह असतं, चार्जिंगच्या पोर्टावर बॅटरीचं किंवा विजेचं. मागच्या सीटसाठी दिलेली पोर्टं जवळजवळ नेहमी फक्त चार्जिंगची असतात. डेटाचं पोर्ट योग्य असूनही खड्ड्यात तुटत असेल, तर पोर्टापासून स्क्रीनच्या मागच्या भागापर्यंत जाणारी आतली वायर सैल झालेली असू शकते. डॅशबोर्ड उघडून तो कनेक्टर बसवणं हे गाडीच्या इलेक्ट्रिशियनचं काम आहे. आधी ते करायला सांगा, आख्खं युनिट बदलायचं नंतर बघू.

आयफोन असेल तर आणखी तीन गोष्टी तपासा. सिरी बंद असेल तर कारप्ले सुरूच होत नाही. ‘स्क्रीन टाइम’च्या निर्बंधांत, परवानगी दिलेल्या ॲपांच्या यादीत कारप्ले बंद केलेला नसावा, आणि मुलांसाठी निर्बंध लावलेल्या फोनमध्ये हे हमखास सापडतं. तिसरं, फोन तासाभरापेक्षा जास्त वेळ लॉक असेल तर यूएसबीवरची उपकरणं अडवण्याची सोय त्यात आहे. सकाळी केबल लावल्यावर काहीच होत नाही आणि फोन अनलॉक केल्यावर लगेच सुरू होतं, तर कारण हेच.

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच बसवलेलं असतं. त्याचं चित्र ॲपांच्या यादीत दिसत नाही म्हणून लोक दुसरीच कुठलीतरी ॲप उतरवतात. ते करू नका. सेटिंग्जमध्ये वर शोधाच्या जागेत ‘अँड्रॉइड ऑटो’ लिहा, तिथेच सगळं आहे. फोन लॉक असतानाही सुरू व्हावं, याचा पर्यायही तिथेच.

वायरलेस जोडणी कुठे अडते

वायरलेसमध्ये दोन पायऱ्या आहेत आणि त्या समजल्या की अर्धं काम झालं. आधी फोन आणि गाडी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात. मग गाडी ब्लूटूथवरूनच आपल्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड फोनला देते, फोन त्या वाय-फायला जोडला जातो आणि पुढचं सगळं चित्र-आवाज त्यावरून वाहतं. ब्लूटूथवर एवढा मोठा भार पेलत नाही. म्हणून ‘ब्लूटूथ कनेक्टेड’ दिसतं, कॉल लागतात, पण अँड्रॉइड ऑटो उघडत नाही, याचा अर्थ पहिली पायरी झाली आणि दुसरी अडली. ब्लूटूथ पुन्हा पुन्हा पेअर करून इथे काही हाती लागत नाही.

दुसरी पायरी अडण्याची नेहमीची कारणं सांगतो. फोन ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय पकडणारा हवा आणि अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा हवा. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या स्वस्त फोनला वायरलेस जमत नाही, त्यात बिघाड असा काही नाही, त्याला केबल लावा. फोनचं वाय-फाय, ब्लूटूथ आणि लोकेशन तिन्ही चालू हवीत. बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवणाऱ्यांची तक्रार बहुधा इथेच मिटते.

सगळ्यात लपलेलं कारण म्हणजे फोनचा शहाणपणा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फायला इंटरनेट नसेल तर ते सोडून मोबाइल डेटावर जाण्याची किंवा आसपासचं चांगलं वाय-फाय निवडण्याची सोय असते. कंपनीगणिक तिचं नाव वेगळं: कुठे वाय-फाय असिस्टंट, कुठे इंटेलिजंट वाय-फाय. गाडीच्या वाय-फायला इंटरनेट नसतंच, ते फक्त चित्र वाहून न्यायला असतं. फोन ते ‘निरुपयोगी’ समजून सोडतो आणि पडदा जातो. ही सोय बंद करा. घराच्या पार्किंगमध्ये जोडलं जात नाही पण गल्लीच्या टोकाला गेल्यावर आपोआप जोडलं जातं, अशी खूण असेल तर फोन घरच्या वाय-फायला चिकटून बसलेला असतो. निघण्यापूर्वी ते जाळं सोडून बघा.

व्हीपीएन (फोनचं सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारी सोय) आणि जाहिराती अडवणारी ॲप चालू असेल तर बंद करून बघा. खासगी डीएनएस (वेबसाइटचे पत्ते शोधायची सेटिंग) ‘आपोआप’वर ठेवा. गाडीकडे जाणारा माल व्हीपीएनच्या बोगद्यात शिरला की जोडणी होता होता राहते.

बॅटरी वाचवण्याच्या कडक नियमांमुळेही तुटतं, आणि या तक्रारीत फोनचा पडदा बंद झाल्यानंतर काही मिनिटांनी तुटणं ही ओळख. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटो, गूगल प्ले सर्व्हिसेस, गूगल आणि मॅप्स या चारांना ‘निर्बंध नाही’ असं ठेवा. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. सॅमसंगमध्ये झोपवलेल्या ॲपांच्या यादीतून ही नावं काढा. फोनचं मोठं अपडेट आलं की हे नियम पूर्ववत होऊ शकतात, म्हणून अपडेटनंतर तक्रार सुरू झाली तर पहिल्यांदा इथेच या.

तुटण्याची जागा लिहून ठेवणं फार कामाला येतं. रोज एकाच चौकात, समजा पलासिया किंवा विजयनगरच्या गर्दीत, वायरलेस तुटत असेल आणि त्याच जागी केबलवर ठीक चालत असेल, तर तो आसपासच्या लहरींचा गोंधळ आहे. फोन आणि गाडी निर्दोष आहेत. कुठेही, कधीही तुटत असेल तर फोन किंवा गाडी. स्वस्त सिगारेट-लायटर चार्जर आणि डॅशकॅमचे ॲडॅप्टरही लहरींत गोंधळ घालतात. ते दोन दिवस काढून ठेवा आणि फरक बघा.

आयफोनवाल्यांसाठी एक बारीक पण खरी गोष्ट. सानंद संस्थेच्या नाटकाला बसताना खालून-वरून ओढायच्या कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथचं बटण दाबलं, तर ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. उपकरणं सुटतात आणि पहाटे ५ वाजता पुन्हा आपोआप जोडायला मोकळी होतात. त्यामुळे रात्री परतताना गाडी फोनला ओळखत नाही आणि सकाळी काही न करता ओळखते. निघताना तेच बटण पुन्हा दाबा, एवढंच.

केबलवाल्या गाडीत वायरलेसची सोय देणारे डोंगल लावले असतील, तर गाडी सुरू केल्यावर त्यांना उठायला अर्धा मिनिट द्या. चावी काढल्यावरही पोर्टाला वीज येत असेल तर डोंगल जागंच राहतं आणि घरात बसलेला फोन अंगणातल्या गाडीला जाऊन जोडला जातो. मग घरी वाय-फाय चालत नाही म्हणून इंटरनेटवाल्याला फोन जातो. गाडी उभी केल्यावर डोंगलचा दिवा विझतो का, ते बघा.

पेअरिंग पुसायचंच असेल तर दोन्हीकडून पुसा

एका बाजूने पुसलं तर दुसऱ्या बाजूला जुनी किल्ली राहते आणि गोंधळ वाढतो. क्रम असा ठेवा:

१. गाडीच्या पडद्यावरून तुमचा फोन काढा. यादीत जुने, विकलेले, पाहुण्यांचे फोन असतील तर तेही काढा. यादी भरली की नवा फोन अर्धवट जोडला जातो.
२. फोनच्या ब्लूटूथ यादीतून गाडी काढा. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये आधी जोडलेल्या गाड्यांची यादी वेगळी असते, तिथूनही काढा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कारप्ले इथून ‘विसरा’.
३. अँड्रॉइड ऑटोचा कॅश (साठलेली तात्पुरती माहिती) पुसा. तेवढ्याने झालं नाही तर डेटा पुसा.
४. फोन बंद करून चालू करा. गाडी बंद करा, दार उघडून पडदा पूर्ण विझू द्या, दोन मिनिटं थांबा.
५. गाडी उभी असतानाच पुन्हा जोडा आणि फोनवर विचारलेल्या सगळ्या परवानग्या द्या: फोनबुक, संदेश, सूचना, लोकेशन.

पाचव्या पायरीत घाईने ‘नको’ दाबलं की गाडीत फक्त नंबर दिसतात, नावं दिसत नाहीत. नावं आली नाहीत तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढच्या चिन्हावर जाऊन ‘संपर्क’ चालू करा. पुन्हा पेअर करायची गरज नाही. ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ मात्र शेवटचा उपाय समजा, कारण त्यात घरचे, ऑफिसचे सगळे वाय-फाय पासवर्ड जातात.

घरातले दोन फोन एकाच गाडीत पेअर असतील आणि दोघं एकत्र निघाले, तर जो फोन आधी सापडेल त्याला गाडी धरते. मागे बसलेल्या आईच्या पर्समधला फोन जोडला जातो आणि पुढचा माणूस आपल्याच फोनशी झगडत बसतो. बऱ्याच गाड्यांत पसंतीचा क्रम ठरवता येतो.

जोडणी ठीक, पण नेट नाही

सकाळी ऑफिसला जाताना सगळं चालतं आणि संध्याकाळी गाणी अडतात, नकाशा फिरत बसतो. हे ऐकलं की आधी दिवसाचा डेटा बघावा. दीड-दोन जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा वाढतो. १२८ केबीपीएसचं गाणं ६४ केबीपीएसच्या वाटेवरून जाणार कसं? अशा गाण्याला तासाला साधारण ५८ एमबी लागतात. नकाशाला त्यामानाने फार कमी लागतं. डेटा खाणारे असतात दुपारी जेवताना पाहिलेले व्हिडिओ. गाणी घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा.

फोनचा ‘डेटा सेव्हर’ चालू असेल तर पडदा बंद असताना मॅप्सला नेट मिळत नाही. मॅप्सला त्यातून सूट द्या. दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर आहे ते बघा, आणि आपोआप सिम बदलण्याची सोय काही दिवस बंद ठेवून फरक पडतो का पाहा. शहरात ५जी आणि ४जी यांच्यात फोन सारखा उड्या मारत असेल तर प्रवासापुरता ४जीवर ठेवलेला बरा. नकाशाला ५जीची गरजच नाही.

पुण्या-नाशिककडे निघताना सेंधव्यापुढे बिजासन घाट लागतो, खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे चोरलचा घाट. डोंगराआड रेंज पडते आणि वळण चुकतं. इंदूर ते धुळे हा पट्टा मॅप्समध्ये आधीच घरी डाउनलोड करून ठेवा. रेंज नसताना रस्ता दिसत राहतो, ताज्या वाहतुकीची माहिती तेवढी मिळत नाही.

गाडीच्या पडद्याला फोनचा हॉटस्पॉट देऊन नेट चालवणाऱ्यांची अडचण निराळी. बऱ्याच हेड युनिटना, म्हणजे डॅशबोर्डातल्या पडद्यांना, फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं आणि फोनचा हॉटस्पॉट ५ वर असतो, म्हणून नावच यादीत येत नाही. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचा बँड २.४ करा. आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा आणि पहिल्यांदा जोडताना हॉटस्पॉटचा पडदा उघडाच ठेवा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ वर आणा. आणि फोनचं नाव ‘आईचा फोन’ असं देवनागरीत असेल, तर काही पडद्यांवर नुसते चौकोन दिसतात आणि जोडणी फसते. हॉटस्पॉटचं नाव साध्या रोमन अक्षरांत, चिन्हं न वापरता ठेवा. वायरलेस ऑटो आणि हॉटस्पॉट एकाच वेळी चालवू नका. एकाच वाय-फायवर दोन कामं पडली की कुठलंतरी एक सुटतं.

गाडीचं स्वतःचं सिम

कंपनीच्या ॲपवरून गाडी लॉक होत नाही, जागा दिसत नाही, दुरून एसी लागत नाही: हे चौथ्या वाटेचं दुखणं आहे. फोनचं ब्लूटूथ किंवा केबल तपासून उपयोग नाही. आधी वर्गणी बघा. सुरुवातीची काही वर्षं ती गाडीच्या किमतीत असते, नंतर पैसे भरून वाढवावी लागते, आणि तारीख उलटल्याचं लक्षात राहत नाही. मग जागा बघा. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीच्या सिमला रेंज मिळत नाही. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बॅटरी वाचवायला सिमचा भाग झोपतो. गाडी उघड्यावर काढून दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग ॲप बघा.

जुनी गाडी घेतली असेल तर हे काम पहिल्याच आठवड्यात करा: आधीच्या मालकाचं खातं काढायला लावा, पडद्यावरून फॅक्टरी रीसेट करा आणि स्वतःच्या नावाने केवायसी पूर्ण करा. जुनं खातं तसंच राहिलं तर ॲप तुम्हाला चालत नाही, पण त्या माणसाला तुमची गाडी कुठे उभी आहे ते दिसू शकतं. घरातली बाई-माणसं ती गाडी चालवणार असतात, म्हणून याला टाळाटाळ नको.

बॅटरी, तारीख आणि ऊन

गाडीची १२ व्होल्टची बॅटरी थकली की त्याचा पहिला पुरावा अनेकदा पडद्यावर दिसतो. इंजिन बंद ठेवून काही तासांनी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. स्टार्ट मारताना व्होल्टेज एकदम खाली गेलं की पडदा मधेच पुन्हा सुरू होतो आणि अर्धवट जोडलेला फोन तसाच लटकतो. अशा गाडीत गाडी सुरू झाल्यावर, पडदा पूर्ण उठल्यावर मगच केबल लावा. तेवढ्याने थांबलं तर बॅटरी तपासून घ्या.

बॅटरी बदलल्यावर घड्याळ आणि तारीख मागे गेलेली असू शकते. तारीख चुकीची असेल तर सुरक्षेची प्रमाणपत्रं जुळत नाहीत, म्हणून नेट असूनही पडदा ‘नेट नाही’ म्हणतो आणि अँड्रॉइड ऑटो संवाद होत नसल्याची चूक दाखवतं. गाडी आणि फोन दोन्हीकडे तारीख आपोआप घेण्यावर ठेवा.

मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर जातो आणि उन्हात बंद गाडीत त्याहून पुष्कळ जास्त. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेलं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश आहे. वायरलेस चार्जिंगच्या ट्रेमध्ये ठेवलेला फोन एकाच वेळी चार्ज होतो, जीपीएस चालवतो आणि वाय-फायवर चित्र पाठवतो. तो तापतो, चार्जिंग थांबवतो, वेग कमी करतो आणि जोडणी सोडतो. दुपारी तुटतं, रात्री नाही, अशी तक्रार असेल तर फोन ट्रेमधून काढा, कव्हर काढा, एसीच्या झोतापाशी ठेवा. निघण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं दारं उघडी ठेवली तर पडद्यालाही आराम मिळतो.

बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओबद्दल एकच सांगतो: मागे स्क्रूने बसणारी वाय-फायची छोटी अँटेना लावायचीच राहून जाते किंवा धातूच्या पत्र्यामागे दाबली जाते. रेंज कमी असेल तर पॅनेल काढून आधी ती बघायला सांगा.

सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी

तिथे नेल्यावर गाडी नीट चालते, हे सगळ्यांचंच रडगाणं. म्हणून पुरावा घेऊन जा. आठवडाभर वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, केबल की वायरलेस, फोन गरम होता का, गाडी नुकतीच सुरू केली होती का. तुटतानाचा व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढावा, चालवणाऱ्याने नाही. पडद्याच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा फोटो काढा. ज्या फोनवर आणि ज्या केबलवर दोष येतो, तेच दोन्ही बरोबर न्या.

अपडेट करायचं ठरलं तर ते कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच घ्या, तुमच्या गाडीच्या मॉडेलचंच घ्या आणि पेनड्राइव्ह कंपनी सांगेल त्याच पद्धतीने फॉरमॅट करा. अपडेट चालू असताना इंजिन बंद करू नका, पेनड्राइव्ह काढू नका. ते अर्धवट राहिलं तर पडदा काळाच राहतो आणि मग खरोखरच युनिट बदलायची वेळ येते. काम झाल्यावर बिलावर नवी आवृत्ती लिहून घ्या, आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तिथल्या फाटकाबाहेर निदान वीस मिनिटं, नेहमी तुटतं त्याच फोनने आणि त्याच केबलने, सल्लागाराला शेजारी बसवून चालवून बघा.